सहा वर्षे त्याच लाइनवर: उमेद कशी टिकवावी आणि पुढची पायरी कशी गाठावी?

प्रश्न: रावेरचा शिफ्टवाला

नमस्कार. माझे वय २९ असून मी रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक कुटुंबातला आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी जळगावच्या एमआयडीसीतील एका पीव्हीसी पाइप कारखान्यात लागलो, त्याला सहा वर्षे पूर्ण झाली. आधी ट्रेनी, मग ऑपरेटर आणि गेली तीन वर्षे एक्स्ट्रूजन विभागात (जिथे वितळलेला माल साच्यातून ढकलून पाइप बनतो) शिफ्ट इन्चार्ज, इथपर्यंत गाडी नीट आली. त्यानंतर मात्र पद, काम आणि पगार जवळजवळ जागच्या जागी थांबले आहेत.

खरी गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यात रात्रपाळीला वीज गेली. पीव्हीसीच्या लाइनवर वीज जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी लिहितो: माल पुढे ढकलणारा स्क्रू थांबला की बॅरलमधला, म्हणजे तापलेल्या नळकांड्यातला, माल तसाच तापत राहतो, थोड्या वेळात तो तपकिरी पडून जळू लागतो, त्याचा आम्लासारखा उग्र वास डोळ्यांत जातो, आणि मग डाय (पाइपला आकार देणारा साचा) उघडून ती जळकी ढेप पितळी पट्टीने खरवडण्यात अर्धी पाळी जाते. त्या रात्रीनंतर मी एक क्रम लिहून काढला. वीज गेल्याबरोबर काय उघडायचे, वीज आल्यावर कोणत्या झोनचे तापमान आधी चढवायचे, बॅरल साफ करण्याचा माल कुठे तयार ठेवायचा, हे सारे त्यात होते. चार महिने आमच्या पाळीत तो क्रम पाळला आणि वीज गेल्यानंतरचे स्क्रॅप निम्म्याच्या आसपास आले. पुढे मासिक बैठकीत माझ्या वरिष्ठांनी हाच क्रम स्वतःच्या नावावर मांडला. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून अंगात उत्साह म्हणून राहिलेला नाही. दोन वेळा ऑनलाइन कोर्स सुरू केला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात सोडून दिला. घरी परत जाऊन शेती पाहावी म्हटले, तर एका वर्षी सीएमव्ही रोगाने बाग उपटावी लागली आणि दुसऱ्या वर्षी वादळाने झोपवली, त्यामुळे वडीलच म्हणतात की नोकरी सोडू नकोस. डिप्लोमाचा एक मित्र चाकणला आहे, तो बोलावतो आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: मन असे बसले असताना पुन्हा उभे कसे राहावे, आणि कोणी वर ओढणारे नसेल तर आपली वाट आपण कशी काढावी?

उत्तर १: पाचोरेकर

मी मूळचा पाचोऱ्याचा असून प्लॅस्टिक उद्योगात २२ वर्षे काढली आहेत, सध्या वाळूजला उत्पादन विभाग सांभाळतो. तुमची टाळ्यांची गोष्ट वाचून हसूही आले आणि वाईटही वाटले, कारण मीही अशा टाळ्या वाजवलेल्या आहेत. आणि लपवून काय करायचे, एकदा दुसऱ्याच्या कामावर घेतल्याही आहेत.

उमेदीचा विषय थोडा बाजूला ठेवू. तुमच्या लिहिण्यात मला एक जागा रिकामी दिसली. ‘निम्म्याच्या आसपास’ असे तुम्ही लिहिता, पण किती किलोवरून किती किलोवर आले हे लिहीत नाही. याचा अर्थ तो आकडा तुमच्याजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ आकडा नसतो त्याचे काम दुसऱ्याच्या तोंडून मांडले जाणे फार सोपे असते.

शिफ्ट इन्चार्जच्या हातात तीन आकडे असतात: पाळीतले स्क्रॅप, लाइन बंद राहिलेली मिनिटे, आणि पाइपचे जादा गेलेले वजन. यातला तिसरा आकडा बहुतेक जण पाहतच नाहीत. आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकात प्रत्येक व्यासाच्या आणि दाबाच्या पाइपला किमान जाडी ठरवून दिलेली आहे. माल नापास होऊ नये म्हणून ऑपरेटर जाडी थोडी वरच ठेवतो, आणि तो जो ‘थोडा वर’ असतो तो मालकाच्या खिशातून गिऱ्हाइकाला फुकट जातो. उदाहरणादाखल धरा की सहा मीटरच्या एका नगामागे २०० ग्रॅम जास्त जात आहेत आणि पाळीत ३०० नग निघत आहेत, तर ६० किलो माल असाच गेला. तीन पाळ्यांचे १८० किलो झाले आणि महिन्याच्या २५ दिवसांचे साडेचार टन. रेझिनचा, म्हणजे आपल्या कच्च्या मालाचा, चालू भाव तुम्हाला माझ्याइतकाच ठाऊक आहे, पुढचा गुणाकार तुम्ही करा. किमान जाडीला धक्का न लावता यातला निम्मा माल जो वाचवून दाखवेल, त्याला पगारवाढ मागताना आवाज चढवावा लागत नाही.

माझी सूचना अशी आहे की उद्यापासून एक वही घाला आणि तीन महिने रोज हे तीन आकडे लिहा, बिघडलेल्या दिवसांचेही लिहा. त्या वहीच्या आधारावर एक पानाचे टिपण तयार करून ते बैठकीच्या आधी मेलने वरिष्ठांना पाठवा आणि गुणवत्ता विभागाला त्याची प्रत द्या. जुन्या क्रमाबद्दल भांडू मात्र नका. ते प्रकरण तुमच्या दृष्टीने चोरीचे असले, तरी बाकीच्यांच्या दृष्टीने ते जुने झाले आहे.

रावेरचा शिफ्टवाला

पाचोरेकर साहेब, आभारी आहे. आकडा माझ्याजवळ नाही हे खरे आहे, आणि ते वाचून जरा लागलेही. एक अडचण अशी की आमच्याकडे शिफ्ट इन्चार्जला कंपनीचा मेल आयडीच दिलेला नाही. मेल फक्त वरच्यांना आहे. मग टिपण पाठवायचे कसे?

पाचोरेकर

हे मी विसरलोच होतो, वीस वर्षे टेबलामागे बसल्याचा हा परिणाम. पाळी बदलताना भरायचे रजिस्टर तुमच्याकडे असेलच. त्यातला शेरा हीच तुमची मेल समजा. ‘अमुक वाजता वीज गेली, अमुक क्रमाने लाइन सुरू केली, स्क्रॅप इतके किलो’ असे तारखेसह लिहा आणि पुढच्या पाळीच्या इन्चार्जची सही घ्या. रजिस्टर कंपनीचे असते, ते सहसा कोणी फाडत नाही, आणि ऑडिटच्या वेळी ते बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांखालून जाते.

उत्तर २: भुसावळ शेड

मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झालो असून आता नातवंडांना शाळेत सोडणे एवढीच माझी ड्यूटी आहे. खाजगी कारखान्याचे मला फारसे कळत नाही, म्हणून माझे झाले तेवढेच सांगतो.

मी खलाशी, म्हणजे शेडमधला मदतनीस, म्हणून लागलो होतो. ट्रेड टेस्ट देत देत टेक्निशियन झालो आणि विभागीय परीक्षेतून ज्युनिअर इंजिनिअर झालो, तेही दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्या वेळी नापास झालो तेव्हा शेडमध्ये कोणी काही बोलले नाही, पण चहाच्या वेळी सगळे एकदम गप्प व्हायचे आणि ते जास्त टोचायचे.

मला परीक्षेपेक्षाही दुसरी एक गोष्ट कामाला आली. आमच्याकडे टॅप-चेंजरच्या जुन्या इंजिनांवर हात बसलेले उस्ताद कारागीर होते. थ्री-फेज इंजिने येऊ लागली तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, कारण जुन्या इंजिनाचा बिघाड कानाने आणि वासाने कळायचा, आणि नव्याचा बिघाड पडद्यावर उमटलेल्या सांकेतिक आकड्यातून शोधावा लागायचा. मी साहेबांकडे जाऊन मला त्या विभागात टाका असे स्वतः सांगितले. वर्षभर मी तिथे सगळ्यांत अडाणी होतो, आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरे मला शिकवायची. पुढे बिघाड आला की बोलावणे मला येऊ लागले.

भाऊ, तुमच्या कारखान्यात जे यंत्र बाकीचे टाळतात ते कोणते आहे, एवढे एकदा पाहून ठेवा.

उत्तर ३: शहाद्याहून

वरच्या दोन्ही उत्तरांबद्दल आदर ठेवून थोडे वेगळे लिहितो, कारण इथे एक गोष्ट कोणीच विचारलेली नाही: तुम्ही झोपता किती? आठवड्याला पाळी बदलते, मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर असतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या बॅरलजवळ उभे राहून तुम्ही ड्यूटी करता. रात्रपाळीहून आल्यावर दिवसा चार तास जेमतेम डोळा लागत असेल, तर त्याला उमेद खचणे म्हणता येणार नाही. ते शरीर थकलेले आहे. कोर्स तिसऱ्या आठवड्यात सुटला असे तुम्ही लिहिले आहे; तो आठवडा रात्रपाळीचा होता का, हे आठवून पाहावे.

दुसरे असे की तुमच्या वरच्या तीन खुर्च्यांवर कोण बसले आहे ते मोजा. त्या मालकाच्या नात्यातल्या माणसांच्या असतील, तर वही कितीही सुंदर भरली तरी ती तुम्हाला त्या खुर्चीवर बसवणार नाही. मी अशा ठिकाणी नऊ वर्षे काढली. नऊ वर्षांनंतरही साहेब माझे नाव चुकीचेच घेत असत.

पाचोरेकर

शहादेकरांचे म्हणणे मान्य आहे. वही मात्र तरीही भरावी, कारण ती दुसरीकडच्या मुलाखतीत दाखवता येते. फक्त त्यात कंपनीचे मिश्रणाचे प्रमाण किंवा गिऱ्हाइकांची नावे लिहू नयेत.

उत्तर ४: धुळ्याची ताई

मी धुळ्यात बँकेत नोकरी करते. माझे क्षेत्र अगदी वेगळे असले, तरी ‘दोन वेळा कोर्स सोडला’ हे वाक्य वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्याकडे जेएआयआयबी नावाची परीक्षा असते. तिचे चार पेपर असतात, प्रत्येक पेपर १०० गुणांचा असतो आणि पास होण्यासाठी ५० गुण लागतात. पास झाल्यावर एक वेतनवाढ मिळते, त्यामुळे ती दिली पाहिजे हे सगळ्यांना माहीत असते. मुलगी लहान होती तेव्हा ‘जरा मोकळीक मिळाली की देऊ’ असे म्हणत मी तीन वर्षे घालवली. शेवटी एके दिवशी रागाच्या भरात फी भरून टाकली. तारीख पक्की झाल्यावर अभ्यास आपोआप पहाटे पाच ते साडेसहा या वेळेत जाऊन बसला, कारण दिवसात दुसरी जागाच नव्हती. मन तयार झाले म्हणून मी बसले नाही. बहुतेक दिवशी मन अजिबात तयार नसायचे, आणि हिशोबाचा पेपर तर मला दुसऱ्यांदाच सुटला.

दादा, म्हणून तुम्हाला एक सुचवते. स्वयम-एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट असतात, आणि पॉलिमर व उत्पादन प्रक्रियेवरचे कोर्सही तिथे असतात. नुसता कोर्स लावू नका, परीक्षेची फीही भरा. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये आठवड्याच्या स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम आठ धरून त्यांना २५ टक्के महत्त्व असते आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की रात्रपाळीच्या आठवड्यांतले चार स्वाध्याय बुडाले किंवा बिघडले, तरी गुण कापले जात नाहीत. तुमची पाळी पाहून कोणी हा नियम केलेला नाही, पण तो तुम्हाला अगदी बरोबर बसतो.

घरच्यांना मात्र तारीख सांगून ठेवा. मी सांगितली नव्हती, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नंदुरबारचे पाहुणे उतरले होते.

उत्तर ५: चोपडा ते चाकण

मी चोपड्याचा, चाकणला आठ वर्षे झाली. चाकण सोन्याचे आहे असे सांगणारे मित्र मलाही होते, म्हणून हिशोब मांडतो. जळगावला २४,००० मिळत होते आणि इथे ३४,००० मिळाले. त्यातले खोलीभाडे ७,०००, मेस ३,५००, आणि महिन्यातून एकदा घरी जाण्याचा खर्च वेगळा. महाराष्ट्र एक्सप्रेसचे आरक्षण मिळाले तर ठीक, नाही तर खाजगी बस, आणि दिवाळीत तिचे भाडे विचारू नका. पहिली दोन वर्षे माझ्या हातात जळगावइतकेच पैसे उरत होते. फरक तिसऱ्या वर्षी पडला, कारण इथे एका रस्त्यावर वीस कारखाने असल्यामुळे माणूस समोरच्या कारखान्यात जाऊ शकतो आणि हे मालकालाही माहीत असते. जास्त पगारासाठी येऊ नका, जास्त दारे हवी असतील तर या.

तुमचे काम मात्र पाइपचे आहे आणि इकडे मुख्यतः वाहनांचे सुटे भाग बनतात. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये यायचे म्हटले तर सहा वर्षांतला बराच अनुभव बाजूला पडेल. त्यापेक्षा छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही प्लॅस्टिक तंत्रज्ञान शिकवणारी सरकारी संस्था आहे, तिथले अल्प मुदतीचे कोर्स पाहावेत. आणि एक्स्ट्रूजनचे काम असलेल्या दोन ठिकाणी मुलाखत द्यावी, जायचे नसले तरी द्यावी. बाजारात आपला भाव काय चालला आहे हे केळीवाल्याच्या मुलाला मी काय सांगणार!

नोकरी सोडायचीच झाली तर दोन कागद विसरू नका. पीएफ काढून घेऊ नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या ठिकाणी वळता करा. आणि तुमची पाच वर्षे पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांना २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. ही रक्कम १५,६०० असेल तर सहा वर्षांचे ५४,००० होतात. आमच्या गावच्या एकाने ती मागितलीच नाही, कारण ती फक्त निवृत्त होणाऱ्यांनाच मिळते असे त्याला वाटत होते.

रावेरचा शिफ्टवाला

सर्वांचे आभार. सात आठवड्यांनी लिहितो आहे, कारण लगेच लिहिले असते तर नुसते ‘करतो’ एवढेच लिहिता आले असते.

शहाद्याच्या दादांनी झोपेचे विचारले ते बरोबर निघाले. दोन्ही वेळा कोर्स रात्रपाळीच्या आठवड्यातच सुटला होता. आता खोलीच्या खिडकीला जाड कापड लावले आहे आणि फोन बाहेर ठेवून सकाळी नऊ ते तीन झोपतो. कोर्स पुन्हा लावला असून परीक्षेची फी भरली आहे. तारीख घरी सांगितली आहे, वडिलांनी ती कॅलेंडरवर केळीच्या खताच्या तारखांशेजारी लिहून ठेवली.

खुर्च्या मोजल्या. वरच्या तीनपैकी दोन घरच्यांच्या आहेत, तिसरी नाही. भुसावळच्या काकांनी विचारलेले यंत्रही सापडले: पाइपचे टोक जोडणीसाठी रुंद करणारी नवी सॉकेटिंग मशीन आली आहे आणि तिच्या पॅनेलला कोणी हात लावत नाही. ती माझ्या पाळीत द्या असे मी वरिष्ठांना सांगितले. ते माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले आणि ‘बघू’ म्हणाले, पण पुढच्याच सोमवारी ती माझ्याकडे आली. पगाराचे मी अजून बोललेलो नाही. त्यासाठी तीन महिन्यांचे आकडे हवेत आणि अजून दोनच महिने होत आले आहेत. वाळूजला एक मुलाखत दिली, त्यांचे काही कळलेले नाही.

पाचोरेकर साहेब, रोज २० नगांची वजने रजिस्टरला लिहितो आहे. जादा वजन सगळ्या पाळीत सारखे जात नाही, ते डाय बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांतच जास्त जाते. त्या वेळी पाइपची एक बाजू सतत जाड येते, आणि पातळ बाजू किमान जाडीच्या खाली जाऊ नये म्हणून ऑपरेटर सगळाच पाइप जाड करतो. सेंटरिंगचे (जाडी सगळीकडे सारखी आणण्याचे) बोल्ट दोन वेळा जुळवून पाहिले, तरी फरक राहतो. सुरुवात कुठून करावी?

पाचोरेकर

डाय गार असताना सेंटरिंग करत असाल तर ती गरम झाल्यावर पुन्हा करावी लागते, हे आधी पाहा. त्यानेही फरक राहिला तर जाड येणाऱ्या आणि तिच्या समोरच्या अशा दोन्ही बाजूंचे हीटर बँड नीट टेकले आहेत का ते तपासा आणि तापमान मोजणारे थर्मोकपल बाहेर काढून त्याचे टोक बघा. डाय बदलताना ते पूर्ण आत न बसण्याची खोड असते. वजनांबरोबर चार बाजूंची जाडीही लिहीत चला, आणि पुढच्या वेळी आकडे इथेच टाका.